उत्तर कॅनडात हिऱ्यांचा शोध: हवामान नक्की कुठे आडवं येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भूशास्त्रात एम.एस्सी. झालंय, सध्या कॅनडात शिकताय आणि येलोनाइफच्या उत्तरेला हिऱ्यांच्या शोधमोहिमेत मार्च-एप्रिलचं काम चालून आलंय. उणे चाळीसात माणसं कसलं संशोधन करतात, हेच काम उन्हाळ्यात का उरकत नाहीत आणि हवामानापायी किती दिवस वाया जातात, हे तुम्हाला हवंय. या टापूत मी बरीच वर्षं हिवाळी आणि उन्हाळी असे दोन्ही हंगाम केलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नाचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला तर विश्वास ठेवू नका. मोहीम कुठे आहे, कुठल्या टप्प्यावर आहे आणि कंपनीची थैली केवढी आहे, यावर तो ठरतो. लाक द ग्रा सरोवराभोवतीचा झाडं नसलेला टुंड्रा वेगळा, आर्क्टिक किनारा वेगळा आणि ऑन्टारिओच्या उत्तरेची दलदल आणखी वेगळी. मातीचे नमुने गोळा करणारी चार माणसांची तुकडी आणि रात्रंदिवस ड्रिल चालवणारा मोठा कॅम्प, दोघांना एकच वादळ वेगवेगळं भोवतं. मी लिहितोय ते मुख्यतः लाक द ग्राबद्दल. येलोनाइफच्या ईशान्येला सुमारे ३०० किमीवर, जिथे एकाती आणि डायविक या खाणी उभ्या राहिल्या, तो भाग.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: थंडी म्हणजे अडचण. इथे मात्र वर्षभराचं वेळापत्रकच थंडीच्या भरवशावर आखलं जातं. तिच्यामुळे रस्ता मिळतो आणि ड्रिल उभं करायला जागा मिळते. आमचे दिवस खातात ते वारा, धुकं आणि अवेळी आलेली ऊब.

असं का, ते दगडापासून सांगतो. हिरे वर आणणारा किंबरलाइट हा भोवतालच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ. हिमयुगात बर्फाच्या थरानं हा सगळा प्रदेश खरवडून काढला तेव्हा किंबरलाइटच्या नळ्या, म्हणजे या खडकाचे जमिनीत उभे उतरलेले खांब, आधी कोरल्या गेल्या, तिथे खळगे पडले आणि बर्फ वितळल्यावर त्या खळग्यांत पाणी साठलं. त्यामुळे इथल्या कितीतरी नळ्या तळ्यांच्या तळाशी आहेत. शिवाय त्या लहान. दोन हेक्टरांची नळी म्हणजे जेमतेम दीडशे मीटर व्यासाचं वर्तुळ, आणि तळी तर हजारोंनी. आता पाण्याखालच्या दीडशे मीटरच्या वर्तुळात उभं भोक पाडायचं तर ड्रिल कशावर ठेवणार? उन्हाळ्यात तराफा लागतो. लाक द ग्रासारख्या साठेक किलोमीटर लांबीच्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की तराफा हलतो, ड्रिलचे दांडे वाकतात आणि काम थांबतं. तळं लहान असेल तर काठावरून तिरकं भोक पाडता येतं. चक फिपकी आणि स्टुअर्ट ब्लसन या भूशास्त्रज्ञांनी इथले हिरे शोधले, त्यातलं पॉइंट लेक या तळ्याचं पहिलं भोक सप्टेंबर १९९१ मध्ये असंच, काठावरून तळ्याखाली तिरकं घातलेलं होतं. त्यातल्या ५९ किलो दगडातून ८१ बारीक हिरे निघाल्याचं नोव्हेंबरात जाहीर झालं आणि भर हिवाळ्यात, दिवसाचे जेमतेम काही तास उजेड असताना, जमिनीवर हक्काचे खुंट ठोकायला अख्ख्या देशातून झुंबड उडाली. पण तिरकं भोक लांब पडतं, महाग पडतं आणि नळीचा आकार त्यावरून नीट कळत नाही. तळं गोठलं की हव्या त्या बिंदूवर सरळ उभं राहता येतं. म्हणून ड्रिलिंगचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल.

त्यातही मार्च-एप्रिल का? कारण तोवर बर्फ सर्वांत जाड झालेला असतो आणि उजेडही परत आलेला असतो.

बर्फाच्या जाडीचा हिशोब तुम्हाला शिकावाच लागेल. ढोबळ सूत्र लॉर्न गोल्ड या कॅनडाच्या अभियंत्याचं: जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, त्याला चारनं गुणा, उत्तर येईल तेवढे किलो. पन्नास सेंटिमीटरवर दहा टन, एक मीटरवर चाळीस टन. मात्र हे पारदर्शक, निळसर-काळ्या बर्फासाठी. वर पडलेलं हिम भिजून गोठलं की जो पांढरा बर्फ बनतो, त्याची जाडी निम्मीच धरायची. चारच्या जागी कुठला आकडा घ्यायचा, हे तुम्ही बर्फ किती वेळा आणि किती बारकाईनं मोजता यावर अवलंबून असतं. कमी मोजमाप म्हणजे कमी आकडा. दुसरी गोष्ट, हे सूत्र चालत्या वजनासाठी आहे. ड्रिल एका जागी आठवडाभर उभं राहिलं की बर्फ हळूहळू खाली वाकत जातो. म्हणून ड्रिलच्या शेजारी एक भोक पाडून ठेवतात आणि त्यातलं पाणी बर्फाच्या वरच्या पातळीपासून किती खाली आहे, ते प्रत्येक पाळीत पट्टीनं मोजून वहीत लिहितात. पाणी वर वर यायला लागलं की थर्मामीटर काहीही सांगो, ड्रिल हलवायचं. नव्या माणसाकडे हे मोजमाप हमखास येतं. कंटाळवाणं आहे, पण कॅम्पवरची सगळ्यात महत्त्वाची वही तीच.

बर्फ वाढतोही चमत्कारिक. पहिला अर्धा मीटर झपाट्यानं, पुढे मात्र गती मंदावते, कारण खालच्या पाण्यातली उष्णता बाहेर पडायला वरचा बर्फच आडवा येतो. त्यावर हिम साचलं तर संपलंच. ते गोधडीचं काम करतं. म्हणून आधी हिम बाजूला लोटायचं, मग जिथे ड्रिल उभं राहणार तिथे भोकातून पाणी उपसून पातळ थर पसरायचा, गोठू द्यायचा, परत पसरायचा. उणे पस्तीस असेल तर हे काम पटापट होतं. उणे दहावर सगळे हात चोळत बसतात. आता कळेल की कॅम्पवर कडाक्याची थंडी पडली की ड्रिलचा मुकादम खूश का असतो.

हाच नियम रस्त्याला. येलोनाइफपासून सत्तरेक किलोमीटरवर टिबिट तळ्यापाशी बारमाही रस्ता संपतो आणि तिथून खाणींकडे दर हिवाळ्यात नव्यानं बर्फाचा रस्ता बनतो. एकाती-डायविकपर्यंत सुमारे ४०० किमी, त्यातला बहुतांश गोठलेल्या तळ्यांवरून, मधे मधे जमिनीचे छोटे पट्टे. साधारण जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतो आणि मार्चअखेर बंद. वर्षभराचं डिझेल, सिमेंट, स्फोटकं, यंत्रांचे सुटे भाग, सगळं या आठ-नऊ आठवड्यांत. भरलेल्या ट्रकला बर्फावर ताशी २५ किमीची मर्यादा असते, कारण ट्रकच्या वजनानं बर्फाखाली पाण्याची लाट तयार होऊन पुढे सरकते. वेग वाढला तर ती लाट काठाशी आपटून बर्फ फोडते. २००६ चा हिवाळा उबदार निघाला, रस्ता वेळेआधी बंद करावा लागला आणि हजाराहून अधिक खेपा मागे राहिल्या. पुढचे महिने तो माल विमानानं न्यावा लागला. खाणी हा फटका सोसतात. शोधमोहिमेचं तसं नाही. तुमचं डिझेल रस्त्यानं पोचलं नाही आणि विमानाच्या भाड्यासाठी पैसे नसले तर अख्खा हंगाम पुढच्या वर्षावर जातो, आणि छोट्या कंपनीला पुढचं वर्ष मिळेलच असं नाही.

आता उणे चाळीसात काम कसं चालतं ते. ड्रिलभोवती गरम केलेली खोली असते, त्यामुळे ड्रिलवाल्यांचे हाल आपण समजतो तितके नसतात. खरं घोडं अडतं पाण्यावर. भोक पाडताना पाणी सतत आत सोडावं लागतं. ते तळ्यातून पंपानं उचलायचं, वाटेत तापवायचं आणि नळीनं ड्रिलपर्यंत न्यायचं. पंप दहा-पंधरा मिनिटं बंद पडला की नळी आतून गोठते आणि मग ती सोडवण्यात पाळी जाते. तळ्याच्या पाण्याखाली जमीन गोठलेली नसते, पण काठावर किंवा जमिनीवर ड्रिल लावलं तर शेकडो मीटर गोठलेला खडक असतो. तिथे साधं पाणी भोकातच गोठून ड्रिलचे दांडे पकडून ठेवतं, म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळून गरम खारं पाणी वापरतात. हे मीठ कपड्यांना, बुटांना, हातांना लागतं आणि कातडी फाटते. हातमोज्यांचे जादा जोड न्या.

तुमचं स्वतःचं काम असेल कोअर, म्हणजे भोकातून निघालेला दगड, बघण्याचं. पेटीतून आलेल्या दगडाच्या कांड्यांवर बर्फाची चकचकीत साय असते, ती कोमट पाण्यानं धुतल्याशिवाय काही दिसत नाही. आणि चिकणमातीचं प्रमाण जास्त असलेला किंबरलाइट गोठलेला असताना लोखंडासारखा दिसतो, पण कोअरच्या तंबूत ऊब लागली की तासाभरात भुसभुशीत होऊन पेटीत चुरा पडतो. म्हणून आधी फोटो, आधी सांधे-भेगांची नोंद, आणि मग बाकीचं. बाहेर भिंग डोळ्याला लावताना श्वास रोखायचा, नाहीतर काच लगेच आंधळी होते. पेन खिशात मरतो, शिसपेन्सिल वापरा. जीपीएसच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत.

दिवस बुडतात ते वाऱ्यानं. उणे ३० तापमानात ताशी ३० किमी वारा असेल तर अंगाला ती थंडी उणे ४६ सारखी लागते. पण त्याहून मोठं नुकसान दिसेनासं होण्याचं. टुंड्रावर झाड नाही, डोंगर नाही. वारा सुटला की जमिनीवरचं हिम उडतं आणि आभाळ निळं असूनही कमरेखालचं काही दिसत नाही. ढगाळ दिवशी उलटी गत: हिम पडत नाही, वारा नाही, पण सावलीच पडत नाही, त्यामुळे पांढऱ्या जमिनीचा चढ-उतार कळत नाही. पायलटला तर जमीन नक्की कुठे आहे तेच समजत नाही. अशा दिवशी हेलिकॉप्टर बसून राहतं. स्नोमोबाइलवाला अडेलपणानं निघतो आणि वाऱ्यानं रचलेल्या हिमाच्या कडेवरून खाली येतो. इथली एक गंमत लक्षात ठेवा: कडाक्याची थंडी बहुतेक वेळा निवांत, स्वच्छ हवेत पडते. पारा एकाएकी उणे चाळीसवरून उणे वीसवर चढला तर आनंद मानू नका. ढग आणि वारा घेऊन वादळ येतंय. अशा संध्याकाळी जुनी माणसं जळण आत आणतात, नळ्या रिकाम्या करून ठेवतात.

थंडीची स्वतःची मर्यादाही आहेच, नाही असं नाही. अनेक हेलिकॉप्टरांना उणे ४० च्या खाली उडायची परवानगी नसते. त्याआधीच हायड्रॉलिकच्या नळ्या तडकायला लागतात, डिझेल घट्ट होतं आणि इंजिन तासन् तास गरम हवा मारल्याशिवाय सुरू होत नाही. पण असे दिवस प्रामुख्यानं जानेवारी-फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये दुपारी उणे दहा आणि डोळे दिपवणारं ऊन असतं. तेव्हा उन्हाच्या चष्म्याशिवाय एक दिवस काढलात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होईल.

आता एका अशा हवामानाबद्दल, ज्याचा उल्लेख तुम्हाला कुणी केला नसेल: सूर्याचं. किंबरलाइट शोधायची पहिली पायरी बहुधा विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून केलेलं चुंबकीय सर्वेक्षण. नळीची चुंबकीय खूण काही दहा ते काही शे नॅनोटेस्लांची (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक), आणि त्यातही डायबेस या जुन्या चुंबकीय खडकाच्या भिंती आडव्या-उभ्या धावत असतात, त्यांतून ती वेगळी काढायची. लाक द ग्राचा प्रदेश ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखालीच येतो. रात्री पर्यटक ज्या हिरव्या झालरी बघायला येलोनाइफला येतात, त्या दिसतात तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मिनिटामिनिटाला शेकडो नॅनोटेस्लांनी हलत असतं. जमिनीवर एक स्थिर मापक ठेवून ही हालचाल वजा करता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे ते उड्डाण फुकट गेलं असं समजून परत करावं लागतं. सूर्यामुळे उठणारी ही चुंबकीय वादळं मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास जास्त, म्हणजे एकदा तरी नेमकी आमच्या हंगामात. मे २०२४ च्या वादळात लडाखच्या हान्लेतून लाल आभा दिसली होती, ते तुम्ही वाचलं असेल. तेव्हा आमच्याकडच्या मोजमापाचं काय झालं असेल, कल्पना करा. बाहेर स्वच्छ ऊन, वारा शून्य, आणि तरीही सर्वेक्षण बंद. नव्या माणसांना हे पटायला वेळ लागतो.

गुरुत्वमापनाचं काम मात्र हिवाळ्यातच बरं. किंबरलाइट भोवतालच्या खडकापेक्षा हलका, त्यामुळे नळीवर गुरुत्व किंचित कमी भरतं. गोठलेल्या तळ्यावर दोरी लावून पन्नास-पन्नास मीटरवर उपकरण ठेवता येतं, भोकातून पाण्याची खोली मोजून दुरुस्ती करता येते. वाऱ्यानं बर्फाचा तक्ता थरथरतो आणि उपकरणाचा आकडा स्थिर होत नाही, तेव्हा थांबायचं. मापनवाले म्हणून पहाटे कामाला लागतात.

मग उन्हाळ्यात काय करतात? नमुने. बर्फाच्या थरानं किंबरलाइट खरवडून त्यातले पायरोप गार्नेट, क्रोम डायोप्साइड, इल्मेनाइट अशा खनिजांचे दाणे आपल्या वाहण्याच्या दिशेनं मैलोन् मैल पसरवून ठेवलेत. ही माती उलट दिशेनं तपासत गेलं की मूळ नळी सापडते. फिपकींनी पश्चिमेकडून पूर्वेकडे, वर्षानुवर्षं असाच माग काढला होता. पण जमीन वितळल्याशिवाय फावडं चालत नाही, म्हणून जुलै ते ऑगस्टअखेर. आणि इथे गोठण-वितळण आमच्या पथ्यावर पडते. दर वर्षीच्या या चक्रामुळे खालची ओली माती वर ढकलली जाते आणि टुंड्राच्या दगडफुलांमध्ये उघड्या चिखलाचे गोल चट्टे उठतात, मंद आचेवर खदखदणाऱ्या पिठल्यासारखे. खोल खणायला नको. ताजी, न झिजलेली माती निसर्गानं वर आणून ठेवलेली असते. चट्ट्याच्या मधोमध हात-दीड हात खणायचं, गोटे चाळून बाजूला टाकायचे, दहा-वीस किलोची पिशवी भरायची, बांधायची, पुढे चालायचं. पाऊस पडला की तीच माती लापशी होते, चाळणी तुंबते आणि पिशवी दुप्पट जड लागते.

उन्हाळ्याचे शत्रू वेगळे. धुकं सगळ्यात वाईट, विशेषतः आर्क्टिक किनाऱ्याजवळ. सकाळी तुम्हाला स्वच्छ हवेत सोडून गेलेलं हेलिकॉप्टर संध्याकाळी न्यायला येऊ शकत नाही. म्हणून तंबू, स्टोव्ह आणि खाण्याची पिशवी प्रत्येक जोडीबरोबर उतरवतातच, कितीही छान ऊन असो. वारा मात्र उन्हाळ्यात मित्र. तो पडला की डास आणि काळ्या माश्या नाकी नऊ आणतात. आणि आता धूर. ऑगस्ट २०२३ मध्ये वणव्यांमुळे सुमारे वीस हजार वस्तीचं अख्खं येलोनाइफ रिकामं करावं लागलं. सगळी विमानं, इंधन, किराणा, प्रयोगशाळेकडे जाणारे नमुने, सगळं त्याच एका गावातून जातं. टुंड्रावर काडी जळत नसली तरी दक्षिणेच्या जंगलातली आग तुमचा कॅम्प बंद पाडू शकते.

राहिले मधले दोन काळ. जूनचा बराचसा भाग बर्फ फुटण्यात जातो आणि ऑक्टोबर गोठण्यात. तेव्हा बर्फावर उतरणारं स्की लावलेलं विमान उतरू शकत नाही आणि पाण्यावर उतरणारंही नाही. हेलिकॉप्टर आहे, पण त्याचं भाडं ऐकून कंपन्या कॅम्प बंद ठेवतात. म्हणजे वर्षाचा हिशोब असा पडतो: फेब्रुवारी ते एप्रिल बर्फावरचं ड्रिलिंग आणि गुरुत्वमापन, जुलै-ऑगस्ट नमुने आणि नकाशे, हवेतली सर्वेक्षणं जमेल तशी आणि बाकीचा काळ प्रयोगशाळा, कार्यालय आणि पैसे उभे करणं. गेल्या काही दशकांत बर्फावरचा पहिला हंगाम दोन्ही टोकांनी आखडतोय, म्हणून बारमाही रस्त्याची चर्चा चालू आहे, पण तुमच्या या हंगामाला त्याचा उपयोग नाही.

तर हे काम घ्यावं का? माझ्या मते घ्या, आणि पहिला हंगाम हिवाळीच घ्या. मार्च-एप्रिलमध्ये एकाच जागी ड्रिल, कोअर, बर्फ आणि मापन हे सगळं बघायला मिळतं; उन्हाळ्यात पहिली दोन वर्षं फक्त पिशव्या भरता. मात्र हो म्हणण्याआधी कंपनीला तीन गोष्टी स्पष्ट विचारा. हवामानामुळे बसून काढलेल्या दिवसांचा पूर्ण पगार मिळतो का? जाड पार्का (थंडीचा कोट) आणि बूट कंपनी देते की तुम्ही आणायचे? आणि परतीच्या विमानाची तारीख पुढे गेली तर येलोनाइफमधल्या हॉटेलचा खर्च कुणाचा? तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. वादळात अडकलेल्या माणसांनी भरलेलं हॉटेल त्या गावात स्वस्त नसतं. आणि परतीच्या तारखेला लागून भारताचं तिकीट काढू नका. मध्ये निदान आठवडा ठेवा.